कोऱ्या आकाशाची पेटी

१९७७ साली अमेरिकेत एक छोटी काळी पेटी विक्रीला आली. आत तीन पातळ पुस्तिका होत्या. एकीत माणसं कशी घडवायची ते होतं, दुसरीत अवकाशयानं कशी बांधायची, तिसरीत ग्रह कसे रचायचे. तिन्ही मिळून दीडशेपेक्षा कमी पानं. पेटीचं नाव 'ट्रॅव्हलर'. ताऱ्यांताऱ्यांमधल्या प्रवासाचा खेळ म्हणून ती विकली जात होती, पण पेटी पालथी घातली तरी त्यातून एक तारा पडला नसता. नकाशा नव्हता. साम्राज्य कुणाचं, राजधानी कुठं, वैरी कोण, याचा पत्ता नव्हता. होते ते तक्ते, आणि त्या तक्त्यांवर फासे टाकून आपापलं आकाश घरच्या घरी तयार करण्याची रीत.

असा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एकेक पात्र असतं, कुणी वैमानिक, कुणी डॉक्टर, कुणी निवृत्त सैनिक. एक जण मात्र पात्र घेत नाही, तो रेफरी. पात्रांच्या भोवतीचं सगळं जग त्याच्या ताब्यात असतं. दार उघडल्यावर पलीकडे काय दिसतं ते तो सांगतो, खेळाडू काय करणार ते सांगतात, आणि निकाल अनिश्चित असेल तिथं फासे बोलतात. हारजीत नसते. एकच गोष्ट आठवड्यामागून आठवडे, कधी वर्षानुवर्षं चालते, तिला कॅम्पेन म्हणतात. ज्या जगात ती घडते ते जग विकतही मिळतं. पण रेफरीने स्वतः रचलं असेल तर त्याला 'होमब्रू' म्हणायचं. हा शब्द घरी गाळलेल्या बिअरवरून आला.

या प्रकारचा पहिला छापील खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, १९७४ चा. त्यातली घरगुती जगं रचणं तसं आवाक्यातलं होतं. एक गाव, शेजारी जंगल, डोंगरात एक भुयार, एवढ्यावर सहा महिने निघतात. भुयाराच्या बाहेर काय आहे ते रेफरीला पुढच्या महिन्यात ठरवता येतं. विज्ञानकथेचं जग रचायला बसणाऱ्याची अडचण इथंच सुरू होते. खेळाडूंच्या हाती यान असतं. तुम्ही एका ग्रहावर चार रात्री जागून शहरं, भाषा, भांडणं बेतून ठेवावीत, आणि त्यांनी म्हणावं, आम्ही शेजारच्या ताऱ्याकडे निघालो. किल्ल्याचं दार बंद करता येतं. आकाशाला दार कुठून आणायचं? घरगुती विज्ञानकथा-जगांचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो, आणि पहिल्या दोघांनी तर चक्क आकाशच बंद करून टाकलं.

त्यातले पहिले मिनेसोटा विद्यापीठातले प्राध्यापक एम. ए. आर. बार्कर. जन्म १९२९ चा, मूळ नाव फिलिप. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते शिष्यवृत्तीवर भारतात आले, इथंच त्यांनी इस्लाम स्वीकारला. पुढं लाहोरला शिकवलं, उर्दू आणि बलुची शिकण्याची पाठ्यपुस्तकं लिहिली, अमेरिकेतल्या क्लॅमथ या आदिवासी भाषेचा कोश केला. पण लहानपणापासून त्यांच्या डोक्यात एक दुसरंच काम चालू होतं: टेकुमेल नावाचा ग्रह. फार दूरच्या भविष्यात माणसांनी आणि परग्रहवासीयांनी मिळून वसवलेला हा ग्रह एके दिवशी विश्वापासून तुटून एका बंद पोकळीत जाऊन पडतो. रात्री वर पाहिलं तर तारे गायब. यंत्रं हळूहळू बंद पडतात, ती दुरुस्त करण्याचं ज्ञान विसरलं जातं, धातू मुळातच दुर्मीळ. हजारो वर्षांनी तिथं उरतात जुनी साम्राज्यं, मंदिरं, कुळं, देवांची उतरंड आणि जमिनीखाली पुरलेली, कुणालाच न कळणारी यंत्रं.

बार्कर भाषाशास्त्रज्ञ, त्यामुळं त्यांचं जग भाषेपासून सुरू झालं. त्सोल्यानी भाषेचं व्याकरण, शब्दसंग्रह, उजवीकडून डावीकडे लिहायची लिपी, सगळं त्यांनी बांधलं. समाजाची घडण युरोपीय सरंजामशाहीसारखी नाही; भारत, मध्य अमेरिकेतल्या माया-अॅझटेक संस्कृती आणि जुना इजिप्त यांचे धागे तिथं दिसतात. १९७४ मध्ये त्यांनी आपल्या नियमांच्या मोजक्या प्रती स्वतःच काढल्या. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनी, टीएसआरने, 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' या नावानं तो खेळ छापला. त्यांच्या घरी दर गुरुवारी रात्री मंडळी खेळायला जमत, आणि ते वर्षानुवर्षं चाललं.

त्यांच्या नावावर एक काळा डागही आहे, आणि तो लपवणं बरोबर नाही. १९९१ मध्ये टोपणनावानं निघालेली एक नाझीधार्जिणी कादंबरी बार्कर यांचीच होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, त्यांच्या साहित्याची जपणूक करणाऱ्या टेकुमेल फाउंडेशननं जाहीरपणे मान्य केलं. टेकुमेलवर प्रेम करणाऱ्या अनेकांनी तेव्हापासून त्या जगात खेळणं सोडलं असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

दुसरे जेम्स वॉर्ड. १९७६ चा त्यांचा 'मेटामॉर्फोसिस अल्फा' हा विज्ञानकथेवरच्या सुरुवातीच्या छापील खेळांपैकी एक. सगळा खेळ 'वॉर्डन' नावाच्या सुमारे ८० किलोमीटर लांबीच्या एकाच यानात घडतो. किरणोत्साराच्या ढगातून जाताना बहुतेक प्रवासी मेले, उरलेल्यांच्या पिढ्या आत वाढल्या. त्यांना यानाची जंगलं म्हणजेच पृथ्वी वाटते. ब्रायन ऑल्डिस यांच्या 'नॉन-स्टॉप' या कादंबरीचं ऋण उघड आहे. युक्ती मोठी हुशार होती. खेळाडूंना आपण यानात आहोत हेच माहीत नाही, मग ते यान वळवतील कुठून?

आकाश उघडलं ते इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल या गावी. शिक्षक घडवणाऱ्या जुन्या 'नॉर्मल स्कूल'वरून त्या गावाचं नाव पडलं. तिथल्या विद्यापीठात फ्रँक चॅडविक, रिच बॅनर आणि मार्क मिलर ही मंडळी युद्धखेळांचा अभ्यासात वापर करण्याच्या एका प्रकल्पावर होती. १९७३ मध्ये त्यांनी, लॉरेन वाइजमनसह, 'गेम डिझायनर्स वर्कशॉप' ही कंपनी काढली. पुठ्ठ्याच्या सोंगट्या आणि षटकोनी घरांचे नकाशे, हा त्यांचा धंदा. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आल्यावर कचेरीत त्याचं इतकं वेड लागलं की कामाच्या वेळात तो खेळायचा नाही असा नियम करावा लागला, असं सांगतात.

ट्रॅव्हलर याच कंपनीचा, आणि तो रचणारे मिलर व्हिएतनाममध्ये लष्करात राहून आले होते. पात्र घडवण्याची त्यांची रीत बघितली की ते कळतं. पात्र अठराव्या वर्षी सुरू होतं आणि नौदल, मरीन, भूदल, टेहळणी, व्यापारी जहाजं अशा एखाद्या नोकरीत शिरतं. चार-चार वर्षांच्या मुदती. दर मुदतीला फासे टाकायचे: जगला का, बढती मिळाली का, काय शिकला. १९७७ च्या नियमांत पात्र खेळ सुरू होण्याआधीच मरू शकत असे. चौतिशीनंतर म्हातारपणाचे फासे सुरू होतात. म्हणून ट्रॅव्हलरचे नायक बहुधा चाळिशीचे, एक आयुष्य मागं टाकून आलेले, थोडी पेन्शन आणि पुष्कळ आठवणी असलेले. बाकी खेळांत पोरसवदा वीर असताना हा फरक मोठा होता.

तिसऱ्या पुस्तिकेत आकाश. एक कागद घ्यायचा, आठ रांगा उभ्या, दहा आडव्या, एकूण ८० षटकोन. प्रत्येक षटकोन म्हणजे एक पार्सेक, सव्वातीन प्रकाशवर्षं. प्रत्येकावर एक फासा टाकायचा. चार, पाच किंवा सहा पडले तर तिथं जग आहे. वीस बाजूंचे खास फासे लागत नाहीत, सापशिडीच्या डब्यातले चालतात. एका बैठकीत चाळीसच्या आसपास जगं उभी राहतात, आणि मग प्रत्येकासाठी आठ वेळा फासे: बंदर, आकार, हवा, पाणी, लोकसंख्या, राज्यव्यवस्था, कायदा, तंत्रज्ञान. आठ उत्तरांची एक ओळ होते, आकडे आणि अक्षरांची. खरं आकाश सपाट नसतं हे मिलरनाही ठाऊक होतं, पण टेबल सपाट असतं. त्यांनी टेबलाची बाजू घेतली ते योग्यच केलं.

एक ग्रह टाकून पाहू.

बंदरासाठी दोन फाशांची बेरीज ९. म्हणजे 'डी' दर्जा: कच्चं इंधन मिळेल, दुरुस्ती विसरा. आकाराला ५ पडले, त्यातून दोन वजा, ३ उरले: व्यास तीन हजार मैल, जवळपास बुधाएवढा. हवेला ७ पडले, सात वजा करून आकाराचे तीन मिळवायचे, म्हणजे ३: अतिविरळ, श्वसनयंत्राशिवाय जगता येणार नाही. पाण्याला ५, त्याच हिशेबानं १: दहा टक्के पृष्ठभाग ओला. इथवर एक ओसाड गोळा दिसतो, एखादी खाण आणि शंभर माणसं असतील असा. मग लोकसंख्येला ११ पडतात. दोन वजा, ९. तक्ता सांगतो, अब्जावधी.

हात थांबतो. अब्जावधी माणसं, या हवेत? पुढं राज्यव्यवस्था: त्याच रीतीनं, लोकसंख्येचा आकडा मिळवून १३, म्हणजे तक्त्यातलं 'डी', धार्मिक हुकूमशाही. कायदा ९: घराबाहेर कुठलंही शस्त्र न्यायचं नाही. आणि शेवटी तंत्रज्ञान. एकच फासा, त्यात लहान आकाराचा एक, विरळ हवेचा एक आणि मोठ्या लोकसंख्येचे दोन मिळवायचे, धर्मसत्तेचे दोन वजा. फाशावर १ पडतो. उत्तर ३: आपल्या अठराव्या शतकाच्या आसपासचं.

ओळ तयार झाली: डी३३१९डी९-३. वाफेचं इंजिनही नीट न जमलेले अब्जावधी लोक अशा ग्रहावर, जिथं छाती भरून श्वास घेता येत नाही. नवखा रेफरी इथं फासे परत टाकतो. मुरलेला रेफरी कागद पुढ्यात ओढून घेतो, कारण त्याला आता खरं काम मिळालेलं असतं. हवा कोण बनवतं? समजा, जमिनीखाली प्रचंड जुनी यंत्रं आहेत, बांधणारे केव्हाच संपले. ती चालू ठेवण्याची कृती कुणालाच समजत नाही, फक्त पाठ आहे. आणि पाठ आहे ती पुजाऱ्यांना. घंटा वाजली की झडप फिरवायची, स्तोत्र संपलं की सोडायची. श्वास ज्यांच्या हाती, राज्यही त्यांच्याच हाती. शस्त्रांना बंदी का, तर घुमटाच्या भिंतीला गोळी लागली तर अख्खं शहर गुदमरेल. बंदर इतकं दरिद्री का, तर यंत्र उघडून पाहू शकेल असा परका पाहुणा पुजाऱ्यांना नकोच आहे. एकमेकांशी भांडणाऱ्या आठ आकड्यांतून एक धर्म, एक भीती आणि खेळाडूंना करायला एक धोक्याचं काम निघालं. आणि हे जग ज्या रेफरीच्या टेबलावर जन्मलं त्याचंच आहे. शेजारच्या गावात तीच ओळ पडली असती तर दुसऱ्या कुणी वेगळी गोष्ट सांगितली असती.

मिलरची दुसरी करामत अंतराची. यानं 'जंप' मारतात, एका उडीत एक ते सहा पार्सेक, यंत्राच्या ताकदीप्रमाणे. उडी छोटी असो की मोठी, वेळ लागतो साधारण एक आठवडा. आणि यानापेक्षा वेगानं काहीच जात नाही, रेडिओसंदेशही नाही. मराठी वाचकाला हे जग परकं वाटायचं कारण नाही. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला काय घडलं ते उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना कळलं ते आठवडा उलटून गेल्यावर, एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून. दरम्यानच्या दिवसांत पुण्याच्या सत्तेचे सगळे बेत जिवंत असलेल्या फौजेच्या हिशेबानं चालू होते. ट्रॅव्हलरचं आकाश अशाच दिवसांनी भरलेलं आहे. युद्ध संपलं तरी सरहद्दीवर लढाई चालू असते. राजधानीतून हुकूम यायला महिने लागतात, म्हणून दूरच्या सरदाराला स्वतःच्या अकलेनं राज्य हाकावं लागतं. पुढं या जगात टपालयानं आली; एक यान उडी मारून पोचलं की थैली तिथं तयार असलेल्या दुसऱ्याच्या हवाली, अगदी डाकचौकीवर ताजा घोडा उभा असावा तसं.

या एका नियमानं रेफरीची जुनी अडचण निम्मी सुटली. खेळाडू कुठंही जाऊ शकतात, पण पुढच्या ताऱ्यापर्यंत पोचायला खेळातला आठवडा जातो. पहिल्या बैठकीत ते दोन-तीन जगांपलीकडे जाऊच शकत नाहीत.

उरलेली निम्मी सोडवली कर्जानं. २०० टनांचं साधं व्यापारी यान, 'फ्री ट्रेडर', किंमत ३ कोटी ७० लाख क्रेडिटच्या वर. इतके पैसे कुणाकडे नसतात, म्हणून बँक. किमतीचा २४० वा भाग दरमहा, असे ४८० हप्ते, म्हणजे ४० वर्षं. महिन्याला दीड लाखाहून जास्त. वरच्या वर्गाचा प्रवासी एका उडीचे दहा हजार देतो, शीतनिद्रेतला एक हजार, आणि त्या हजारवाल्याला जागं करताना दोन फाशांची बेरीज पाचाच्या खाली गेली तर तो उठतच नाही. ही शीतनिद्रा इ. सी. टब यांच्या ड्युमारेस्ट कादंबऱ्यांतून आलेली. हप्ता चुकला की वसुलीवाले मागं लागतात. मग संशयास्पद माल घेतला जातो, नको त्या ग्रहावर उतरलं जातं. रेफरीनं काहीच सुचवलं नाही तरी महिनाअखेर गोष्ट पुढं ढकलते. घराचे हप्ते भरणाऱ्या कुणालाही यातला ताण समजावून सांगावा लागत नाही. अवकाशकथेत इतका ओळखीचा हेतू आणून बसवणं ही मिलरची सर्वांत मोठी युक्ती होती असं म्हणावंसं वाटतं.

पेटी कोरी राहिली ती दोन वर्षं. १९७९ मध्ये कंपनीनं 'द स्पिनवर्ड मार्चेस' ही पुरवणी काढली. सरहद्दीवरच्या एका प्रदेशातली चारशेहून अधिक जगं, प्रत्येकाची ओळ छापलेली. त्यामागे 'थर्ड इम्पेरियम', अकरा हजार जगांचं साम्राज्य. साहसं आली, नियतकालिक आलं, त्यात काल्पनिक बातम्या येऊ लागल्या. ते जग सुंदर आहे आणि त्यावर प्रेम करणारे हजारो आहेत. तरी काहीतरी निसटलं. ज्यानं स्वतःचे फासे टाकून स्वतःचं आकाश काढलं होतं त्याला आता वाटू लागलं की खरं आकाश छापील आहे, आपलं नुसतं घरचं. कंपनीला याची जाणीव असावी. स्पिनवर्ड मार्चेसला लागूनच असलेला 'फोरेव्हन' हा अख्खा प्रदेश त्यांनी मुद्दाम रेफरींसाठी राखून ठेवला. नकाशावर सीमा आखल्या, आत तुम्ही भरा.

ऐंशीच्या दशकात 'स्पेस ऑपेरा', 'स्टार फ्रंटियर्स' असे खेळ आले. १९९६ मध्ये गेम डिझायनर्स वर्कशॉप बंद पडली; ट्रॅव्हलरचे हक्क मिलर यांच्याकडे आले आणि खेळ वेगवेगळ्या प्रकाशकांच्या हातून निघत राहिला.

जगं रचण्याच्या रीतीत खरी भर पडली ती नंतर. २००९ च्या 'डायस्पोरा'मध्ये चार कॅनडियन मित्रांनी रेफरीचा मक्ताच मोडला. खेळापूर्वी सगळे जण मिळून ताऱ्यांचा एक छोटा पुंजका बनवतात. तंत्रज्ञान, पर्यावरण, साधनसंपत्ती, तीनच आकडे, आणि ज्याच्या वाट्याला जे जग आलं त्याची कहाणी त्यानं सांगायची. पहिल्या बैठकीतच प्रत्येकाला त्या आकाशातला एक कोपरा आपला वाटतो. पुढच्या वर्षी केव्हिन क्रॉफर्ड यांचं 'स्टार्स विदाउट नंबर' आलं, तेही फुकट उपलब्ध. आकड्यांच्या जोडीला त्यांनी प्रत्येक जगाला दोन खुणा दिल्या, म्हणजे तिथं काय खदखदतंय याची दोन ठळक कारणं, आणि प्रत्येक खुणेबरोबर शत्रू, मित्र, गुंतागुंती, ठिकाणं यांची यादी. त्यांचा रेफरीला सल्ला साधा आहे: पुढच्या बैठकीत लागेल तेवढंच तयार करा, किंवा करताना मजा येत असेल ते करा. बाकीच्या आकाशाला घाई नसते. बार्करनी आयुष्यभर जे केलं त्याच्या हे अगदी दुसऱ्या टोकाला.

आणि घरगुती जग किती लांब जाऊ शकतं हे दाखवलं टाय फ्रँक यांनी. त्यांनी आपलं जग आधी एका ऑनलाइन खेळासाठी बेतलं होतं. तो खेळ बारगळला, तेव्हा फ्रँकनी तेच जग मित्रांबरोबर भूमिका-खेळ म्हणून चालवलं, आधी लेखी, मग न्यू मेक्सिकोत समोरासमोर बसून. इथं ताऱ्यांचा विस्तार नव्हता. एक सूर्यमाला, तीन सत्ता: पृथ्वी, मंगळ, आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राबून हाडं लांबलेले बेल्टर. त्यांना पाणी हवं, म्हणून शनीच्या कड्यांतून बर्फ ओढून आणणारी जहाजं. आकाश लहान ठेवलं आणि खोल खणलं.

त्या टेबलावर डॅनियल अब्राहम नावाचे कादंबरीकार खेळाडू म्हणून बसत. काहीही विचारलं तरी फ्रँककडे उत्तर तयार असतं हे बघून त्यांनी सुचवलं, याची कादंबरी करू. दोघांनी जेम्स एस. ए. कोरी हे टोपणनाव घेतलं. 'लेव्हायथन वेक्स' २०११ मध्ये आली, ह्यूगो पुरस्काराच्या नामांकनात गेली, आणि २०२१ पर्यंत नऊ कादंबऱ्यांची 'द एक्सपान्स' मालिका पूर्ण झाली. डिसेंबर २०१५ पासून सहा पर्वांची दूरचित्रवाणी मालिका. २०१९ मध्ये ग्रीन रोनिन या प्रकाशनानं त्याच जगावर भूमिका-खेळाचं पुस्तक काढलं, म्हणजे ते जग फिरून टेबलावर आलं, या वेळी अनोळखी लोकांच्या.

पहिल्या कादंबरीत शेड गार्व्ही नावाचा एक तरुण वैद्यकीय कर्मचारी आहे. मुख्य पात्रांपैकीच एक वाटावा असा. वाचक त्याला ओळखू लागतो न लागतो तोच भर लढाईत एक गोळा भिंतीतून आरपार येतो आणि तो बसल्या जागी संपतो. फ्रँकच्या टेबलावर ते पात्र खेळणारा खेळाडू खेळ सोडून गेला होता. त्याची खुर्ची रिकामी झाली, म्हणून रेफरीनं शेडला मारलं, आणि कादंबरी लिहिताना ती रिकामी खुर्ची तशीच ठेवली.